धामणझिरीतला सरकारी पाऊस

प्रति,
मा. गट विकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती कार्यालय, सुरजखेड,
जिल्हा अमरावती.

अर्जदार : माणिकबाई बेवा भगवंतजी येऊल, वय ७१, धंदा पानमळा, राहणार मौजे धामणझिरी.

विषय : पर्जन्यमापकातील पाणी काढून नेल्याच्या नोटिशीचा खुलासा, व चोवीस दिवस बंद असलेले पानमळ्याचे पाणी उद्यापासून घेण्याबाबत.

संदर्भ : आपली नोटीस दि. २१ ऑगस्ट १९६५, मिळाली दि. २३ रोजी, तसेच अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज, ज्यांची पोच आहे, उत्तर नाही.

महोदय,

१. उपरोक्त नोटिशीत असे म्हटले आहे की, अर्जदाराने दि. २० रोजी सकाळी ग्रामपंचायतीच्या नमुना बागेत शिरून पर्जन्यमापक यंत्रातील "धामणझिरीचा एक इंच चाळीस सेंट पाऊस" (शंभर सेंट म्हणजे एक इंच) लोट्यात काढून नेला, त्यामुळे सरकारी नोंदीत खंड पडला. तरी कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. अर्जदार जुन्या मराठी चौथीपर्यंत शिकलेली आहे. तिने नोटीस स्वतः वाचली. मग आपण म्हातारपणी भलतेच तर वाचत नाही ना, अशी शंका येऊन ती टपालवाल्याकडून पुन्हा वाचून घेतली. त्यानेही तेच वाचले, आणि वाचून झाल्यावर म्हणाला, "आजी, पाऊस चोरल्याचा गुन्हा म्या पयल्यांदाच पाह्यला."

२. गुन्हा कबूल आहे. अर्जदाराने पाऊस नेला. तो लोटाभरही नव्हता. त्यात कुंकू कालवलेले होते, तांदळाचे दाणे फुगलेले होते, बेलाचे एक पान कुजलेले होते, आणि त्याला असा वास येत होता की तिने नाकाला पदर लावला. ज्या पावसामुळे गावातील अकरा पानमळ्यांचे पाणी बंद आहे, तो सबंध पाऊस तिने आपल्या मळ्यातील एका वेलाच्या बुडाशी ओतला. त्या एका वेलालाही तो पुरला नाही. माती वरवर ओली झाली आणि अर्जदार लोटा विसळून घरात येईपर्यंत पुन्हा पांढरी पडली. खुलासा एवढाच आहे. परंतु तो पाऊस यंत्रात कोठून आला, हे नोटिशीत विचारलेले नाही. आणि तेच सांगण्यासाठी हा अर्ज लिहावा लागत आहे.

३. साहेब नवीन आहेत, म्हणून थोडे मागचे सांगणे भाग आहे. अर्जदार अकराव्या वर्षी लग्न होऊन या मळ्यात आली. मळा अर्ध्या एकराचा, नागवेलीचा. तिने इंग्रजाचे, नागपूरचे आणि मुंबईचे अशी तीन सरकारे या मळ्यात राहून पाहिली. मळ्याला लागून असलेली विहीर अर्जदाराच्या यजमानांनी एकवीस साली खोदली. बासष्ट साली पंचायत समिती आली, तेव्हा त्या विहिरीवर सामुदायिक इंजिन बसवून अकराही मळ्यांना पाळीने पाणी देण्याचे ठरले. अर्जदाराने विहीर दिली. आपले एकटीचे पाणी अकरा घरांत जाईल, याचा तिला त्या वेळी आनंदच झाला होता. कागदावर सही करताना त्यात "सदर विहिरीवर यापुढे मोट चालविली जाणार नाही" असे एक कलम होते. त्यावरही सही केली. मोटेचे बैल चालतात त्या धावेवर तारेचे फाटक लागले, फाटकाला कुलूप लागले, आणि किल्ली ग्रामपंचायतीच्या कपाटात गेली. कपाटाची किल्ली कोणाजवळ असते, हे तीन वर्षांत अर्जदाराला कळलेले नाही.

४. नागवेलीला पाणी घालणे म्हणजे कपाशीला पाणी सोडणे नव्हे. अर्जदाराच्या सासूबाई कौशल्याबाई सांगत की वेलाचे मूळ लेकराच्या पोटासारखे असते. थोडे थोडे द्यावे, वेळेवर द्यावे, तुंबू देऊ नये, सुकू देऊ नये. त्या रोज सकाळी वेलाच्या बुडाची चिमूटभर माती अंगठ्याने चोळून पाहत, पांगाऱ्याच्या शेंड्याकडे बघत, मग वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहत. आणि मग सांगत की आज चार घागरी, किंवा आज एकही नाही. हे शिकायला अर्जदाराला सात वर्षे लागली. आठव्या वर्षी सासूबाई माती न बघता म्हणाल्या, "आज तू सांग." तो दिवस अर्जदाराला लग्नाच्या दिवसापेक्षा जास्त आठवतो.

पूर्वी पाऊस वेळेवर यायचा आणि आता कलियुग आले, असे चावडीवर बसून सांगणाऱ्यांपैकी अर्जदार नाही. पाऊस तेव्हाही लबाड होता. मृगात तोंड दाखवून पळून जायचा, हस्तात अंगावर यायचा, नाल्याच्या त्या काठाला बदाबदा पडून या काठाला थेंब द्यायचा नाही. परंतु तेव्हा लबाडाला लबाड म्हणायची मुभा होती. आता तो आला की नाही, हे आभाळाकडे बघून ठरवता येत नाही. ते यंत्र ठरवते.

५. यंत्राची हकीकत अशी. चालू वर्षी जूनच्या आरंभी नमुना बागेत, कर्दळीच्या ताटव्याशेजारी, सिमेंटचा ओटा बांधून पर्जन्यमापक बसवला. उभे नळकांडे, वर नरसाळे, आत बाटली. उद्घाटनाला जिल्ह्याचे साहेब आले. त्यांनी ओट्यावर नारळ फोडला, यंत्राला हळदकुंकू लावले, झेंडूचा हार घातला. सरपंच खुशालराव यांनी कापूर ओवाळला. नंतर सर्वांनी अर्जदाराच्या मळ्यातील पानाचे विडे खाल्ले आणि ओट्याच्या मागच्या अंगाला पिंका टाकल्या. ते डाग अद्याप आहेत. साहेबांनी पाहणीस यावे तेव्हा पाहावेत. बायकांपैकी कोणी तरी विचारले की हे काय आहे, तेव्हा साहेबांबरोबर आलेल्या शिपायाने सांगितले, "यात जेवढं पडीन, तेवढंच सरकारले दिसते." त्याचे म्हणणे खरे होते. परंतु ते त्याने सांगायला नको होते.

त्याच दिवशी नियम जाहीर झाला. पावसाळ्यात डिझेल वाया जाऊ नये, म्हणून मागील आठ दिवसांत यंत्रात एक इंचाहून कमी पाऊस भरला तरच पानमळ्यांसाठी इंजिन सुरू होईल. एक इंच किंवा अधिक भरल्यास बंद राहील. मोजणी ग्रामसेवक देवीदास यांनी रोज सकाळी करून फळ्यावर लिहावी.

६. या नियमाचा पहिला लाभ आर्द्रात मिळाला. मृग कोरडा गेला होता. आर्द्राचा पाऊस मात्र दोन दिवस, दोन रात्री असा पडला की नाल्याला पूर आला आणि मळ्यात घोट्याएवढे पाणी उभे राहिले. देवीदास सुरजखेडला राहतात. पुरामुळे त्यांना नाला ओलांडता आला नाही. पूर ओसरून ते आले तोवर यंत्रातली बाटली भरून सगळे वाहून गेलेले, नळकांडेही पुरात कलंडलेले. म्हणून त्यांनी त्या दोन दिवसांपुढे लिहिले : "पावसामुळे मोजणी झाली नाही. निरंक." आठ दिवसांची बेरीज एक इंचाहून कमी भरली आणि नियमाप्रमाणे इंजिन सुरू झाले.

अर्जदार इंजिनवाल्याला हात जोडून म्हणाली की बाबा, वेल पाण्यात उभे आहेत, आणखी पाणी सोडशील तर मुळ्या कुजतील. तो म्हणाला, "मले काय सांगता आजी, फया पाहा न. फयावर पाऊसच नाई." एकाहत्तर वर्षांची अर्जदार त्या दिवशी दुपारपर्यंत फावडे घेऊन पाटाचे सरकारी पाणी मळ्याबाहेर काढत होती, आणि वरून पावसाची भुरभुर चालूच होती. मळ्याच्या उताराकडील दोन ओळी त्यात सडल्या. सडलेल्या वेलाचा वास साहेबांनी घेतलेला नसेल. तो नाकातून जात नाही. याबाबत अर्जदाराने पहिला अर्ज केला.

७. त्यानंतर पाऊस गेला तो गेला. जुलैअखेर इंजिन एकदा चालले, ते शेवटचे. २ ऑगस्टला श्रावणाचा पहिला सोमवार आला, त्यातच नागपंचमी. पानमळे करणाऱ्या आम्हा बारी लोकांत त्या दिवशी वेलीला हात लावत नाहीत. पान खुडत नाहीत, विकत नाहीत. बाया मोकळ्या होत्या. दरवर्षी अशा ताणात महादेवाच्या पिंडीवर पाणी घालतात. यंदा शेजारच्या मळ्यातील पंचफुला सगळ्यांना म्हणाली की पिंडीवर घालतोच, पण सरकारचाही एक देव बागेत बसवलेला आहे, तो उपाशी कशाला ठेवायचा. सत्तावीस बाया गेल्या. प्रत्येकीने पळीभर पाणी नरसाळ्यात सोडले, कुंकू लावले, बेल वाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी देवीदास यांनी बाटली काढून मोजली आणि फळ्यावर लिहिले : एक इंच तीस सेंट.

इंजिनाला कुलूप लागले.

८. पुढचे साहेबांच्या ध्यानात आले असेल. पाणी बंद, म्हणून वेल सुकू लागले. वेल सुकू लागले, म्हणून बाया घाबरल्या. घाबरल्या, म्हणून सोमवारची वाट न बघता रोज जाऊ लागल्या. जितके पाणी सरकारी देवाला जास्त, तितका फळ्यावर पाऊस जास्त. आणि फळ्यावर पाऊस जास्त, तितके मळ्यात पाणी नाही. २० तारखेपर्यंत धामणझिरीत सोळा इंच पाऊस झाला. एवढा पाऊस चिखलदऱ्याला झाला नसेल. येथे नाल्यात धूळ उडते आहे, श्रावणात वैशाखाची झळ लागते आहे, बैल सावली सोडत नाहीत. १२ तारखेला पलीकडच्या शिवारात सर आली, ती आम्ही या काठावरून पाहिली. १७ तारखेला वावटळीबरोबर आठ-दहा थेंब पडले. नेमके त्या दिवशी बाया लग्नाच्या पंगतीला अंजनगावास गेल्या होत्या, म्हणून फळ्यावर शून्य आहे.

मागच्या आठवड्यात आपल्याच कार्यालयाकडून ग्रामपंचायतीला पत्र आले की अतिवृष्टीमुळे धामणझिरीत किती घरे पडली, किती जनावरे वाहून गेली, त्याची यादी तातडीने पाठवावी. यादी गेली. त्यात लिहिले : निरंक. या शब्दाची अर्जदाराला आता शिसारी बसली आहे.

९. अर्जदार देवीदास यांच्याकडे दोनदा गेली. पोरगा वाईट नाही. वयाने चोवीस असेल, कपडे स्वच्छ, अक्षर सुंदर. अर्जदाराने विचारले की बाबा, बाटलीतले पाणी लाल का आहे? तो म्हणाला, "आजी, रंगाचा रकाना नाई फारमात." तिने विचारले की तुला बाहेर पाऊस दिसतो का? तर म्हणाला, "मापात आलं ते लेहलं. आभायाकडं पाहाचा हुकूम नाई मले." हे बोलताना तो हसत नव्हता. हसला असता तर अर्जदाराला इतका वीट आला नसता.

मग सरपंचांकडे गेली. खुशालराव यांना सगळे ठाऊक आहे. ते पानाला चुना लावत म्हणाले, "काकू, आता खरं लेहून धाडलं तं पयलेचे पंधरा दिवस खोटे ठरतात. त्या पोराची नोकरी जाईन, गावाचं नाव जाईन. नमुना बागीचं बक्षीस येऊन राह्यलं यंदा. चार दिवस दम धरा. पाऊस येईनच नं." तोंडातले पान परगावचे होते, अर्जदाराने रंगावरून ओळखले. आपल्या गावचा वेल वाळत असताना परगावचे पान चघळत दम धरा म्हणणाऱ्या माणसाचे तोंड तिला पाहवेना. ती चहा न घेता उठली. त्यांच्या मागे खिडकीतून नमुना बाग दिसत होती. कर्दळीला झारीने पाणी घालणे चालू होते. कर्दळ शोभेची आहे, सबब तिला पावसाचा नियम लागू नाही.

१०. राहिल्या बाया. अर्जदाराने त्यांना बागेच्या फाटकावर अडवले आणि सांगितले की पोरींनो, तुमच्या या पळीनेच तुमचे मळे मरत आहेत. पंचफुला सगळ्यांसमोर म्हणाली, "मोठीमाय, साहेबानं नारय फोडला तुमच्या देखत. मंग देव नाई तं काय टमरेल हाय थे?" नारळ फोडलेला अर्जदाराने खरोखरच पाहिला होता. बाकीच्या हसल्या. एक म्हणाली, "शिपायानंच सांगतलं, यात पडीन थेच सरकारले दिसते. मंग सरकारले दिसलं पाह्यजे का नाई?" दुसरी म्हणाली, "बुढीले आपल्याच वेलाची पडली." त्या दिवसापासून अर्जदाराशी पाणवठ्यावर कोणी बोलत नाही. म्हणून तिने २० तारखेला सकाळी, मोजणीच्या आधी, बाटली रिकामी केली. वाटले, एक दिवस तरी फळ्यावर खरे लिहिले जाईल. फळ्यावर लिहिले गेले : "यंत्रात छेडछाड. नोंद ग्राह्य नाही. मागील सरासरी धरण्यात येत आहे." मागील सरासरीने त्या दिवशीही नव्वद सेंट पाऊस पडला.

चार अर्जांना दोन महिन्यांत उत्तर नाही. नोटीस मात्र दुसऱ्याच दिवशी निघाली. या तत्परतेबद्दल अर्जदार आभार मानू शकत नाही.

११. मळ्याची आजची स्थिती अशी आहे. मधल्या सहा ओळी गेल्या. पाने हाताला लागताच गळतात. कडेच्या ओळींत, जेथे शेवरीची सावली दाट आहे, वेल अजून जिवंत आहेत, परंतु शेंडे माना टाकून आहेत. त्या वेलांचे बेणे सासूबाईंनी लावलेल्या वेलांपासून चालत आलेले आहे. ते गेले तर दुसरीकडून वेल आणून लावता येईल, दीड वर्षाने पानही येईल. पण तो वेल दुसरा असेल, आणि अर्जदाराजवळ दीड वर्ष आहे की नाही, हे कोणत्याही यंत्रात दिसत नाही. अंगठ्याने माती चोळून ती एवढे खात्रीने सांगू शकते की वेलांना तीन दिवस आहेत. चौथा नाही.

१२. काल श्रावणाच्या चौथ्या सोमवारी नोटीस हातात पडल्यावर अर्जदार तडक पंचफुलाच्या घरी गेली आणि तिला हाताला धरून तिच्याच मळ्यात घेऊन गेली. पंचफुला पंधरा दिवस बागेत पाणी घालायला जात होती, पण मळ्याच्या आतल्या ओळींकडे भीतीने फिरकली नव्हती. तिने एक वेल हातात घेतला, तो तिच्या हातात मोडला. ती तेथेच बांधावर बसली. मोडका वेल ओच्यात ठेवीत म्हणाली, "काहून नाई सांगतलं, मोठीमाय?" अर्जदाराने सांगितले होते.

मग पंचफुला उठली, लुगडे झटकले आणि म्हणाली, "बैल घेऊन जा माहे. पन पयली मोट माह्या कडंच्या वेलाले. आन सोमवारचं पानी वाहाचं मी बंद करनार नाई, आत्ताच सांगून ठेवतो." अर्जदाराने दोन्ही मान्य केले.

१३. सबब साहेबांना कळविण्यात येते की, परवा गुरुवारी पोळा आहे. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, आणि आज अर्ज लिहिण्यात गेला. म्हणून उद्या बुधवार दि. २५ ऑगस्ट रोजी, सूर्य उगवताच, अर्जदार धावेवरील फाटकाचे कुलूप दगडाने फोडील, आपली जुनी मोट विहिरीत सोडील, आणि आधी पंचफुलाच्या, मग स्वतःच्या, मग उरलेल्या नऊ मळ्यांना पाणी देईल. बैल पंचफुलाचा नवरा हाकणार आहे. परंतु कुलूप एकट्या अर्जदाराने फोडले असे लिहावे. त्याला लेकरे आहेत.

बासष्ट सालच्या कागदावर अर्जदाराची सही आहे, हे तिला ठाऊक आहे. ती सही नाकारत नाही. मोडत आहे. काय शिक्षा असेल ती नियमाप्रमाणे द्यावी; अर्जदाराचे वय पाहून सवलत देऊ नये. मात्र देवीदास यांची नोकरी घालवू नये. त्याने मोजमाप एका सेंटाचेही चुकवलेले नाही. त्याला फक्त मान वर करून पाहण्याची परवानगी द्यावी, आणि ती लेखी द्यावी, नाहीतर तो पाहणार नाही.

अर्जदार परवानगी मागत नाही. परवानगी मागण्याचे चार अर्ज आपल्या दप्तरी आहेतच. चौकशीस शिपाई किंवा पोलीस पाठवावयाचा असल्यास अवश्य पाठवावा. अर्जदार दिवसभर मळ्यातच सापडेल. मात्र पानमळ्यात पायताण घालून जात नाहीत. येणाऱ्याने ते बांधाबाहेर काढून, ओल्या ओळी सांभाळून आत यावे.

आजच्या तारखेपर्यंत आपली नम्र,

(सही) माणिकबाई येऊल
मौजे धामणझिरी, दि. २४ ऑगस्ट १९६५, मंगळवार

सोबत : आपली दि. २१ ची नोटीस, मूळ प्रत, परत. जपून ठेवायला अर्जदाराकडे कोरडी जागा पुष्कळ आहे, इच्छा नाही.